चार मिनिटांचं पान

चेन्नईहून तूत्तुकुडीला जाणारं विमान आमच्या गच्चीवरून जातं. अगदी डोक्यावरून. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे असल्या गोष्टी अंदाजाने बोलत नाही. नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवून बघा, ती तंजावरच्या अंगावरूनच जाते. रस्त्याने अंतर सहाशे किलोमीटर, सरळ रेषेत पाचशेच्या थोडं वर, आणि पंख्याचं ते छोटं विमान दीड तासात पोचतं. म्हणजे उडाल्यापासून पाऊण तासाने ते आमच्यावर येतं. तिरुवैयारूची कावेरी ओलांडून ओरत्तनाडूच्या पलीकडे, म्हणजे आमच्या शिवेबाहेर, जायला त्याला चार मिनिटं लागतात.

ही चार मिनिटं मी अम्माला हिशेब करून दिली होती. कशासाठी, ते सांगायचं तर आधी पानाचं सांगायला हवं.

इतर तंजावरी मराठी घराण्यांत सरदार असतात, दिवाण असतात. आमच्या घराण्यात सगळे आचारी. ओरत्तनाडूला राजाने बांधलेलं छत्र, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा आणि अन्नछत्र, आहे, रामेश्वराला जाणाऱ्यांच्या वाटेवर. तिथल्या चुलीवर आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. पुण्यात शिकायला होते तेव्हा मी हे मुद्दाम सांगायची आणि मैत्रिणींचे चेहरे उतरलेले बघायची. तलवार नाही, पगडी नाही, नुसता वाढायचा पळा! छत्राचा नियम एकच होता, वाटेने जाणारा उपाशी जाता कामा नये. छत्राची चूल विझली, आम्ही मास्तर आणि कारकून झालो, पण त्या नियमाचं एक शेपूट घरात राहिलं. घरातलं माणूस आपल्या शिवेतून जात असेल आणि घरी येणार नसेल, तर ते शिवेच्या आत असेपर्यंत त्याचं पान वाढून ठेवायचं. कुणी त्याला हात लावायचा नाही. माणूस शिवेबाहेर गेलं की पान गाईला. लहानपणी काका रेल्वेने नागपट्टणमला जायचे. गाडी इथल्या स्टेशनात थांबलेली असायची आणि आम्ही मुलं भुकेने कासावीस होऊन त्यांच्या पानाकडे बघत बसायचो.

तेच पान अम्मा माझ्या भावासाठी गच्चीवर ठेवायची. कारण अण्णा घरी येत नव्हता, घरावरून जात होता.

तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. चेन्नईत असतो, जहाजाने जाणाऱ्या मालाच्या तपासणीचं काम करतो, आणि महिन्यातून एकदा तरी तूत्तुकुडीच्या बंदरावर जातो. जाताना दुपारच्या विमानाने, येताना रेल्वेने. अप्पा, आमचे वडील, असताना येताजाता वाट वाकडी करून घरी यायचा. अप्पा गेले त्या दिवसापासून हे बंद झालं. आणि ते बंद माझ्यामुळे झालं, हे मला, अण्णाला आणि देवाला ठाऊक होतं. निदान माझी तशी समजूत होती.

त्या दिवशी पहाटे अप्पांचा श्वास बदलला. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस. साडेपाचला मी अण्णाला फोन केला, तो तूत्तुकुडीलाच होता. "गाडी बघतो, रस्त्यानं येतो," म्हणाला. गाडी मिळून निघेपर्यंत साडेसहा, मग पाच तास, म्हणजे साडेअकरा. मी हातात मोबाइल घेऊन लगेच दुसरा हिशेब मांडला. सव्वासातचं विमान, दीड तासात चेन्नई. तिथून अर्ध्या तासाने त्रिचीचं विमान, एक तास. त्रिचीहून गाडीने पाऊण तास. अकराला दारात. "नको, विमानानं ये," मी म्हटलं, "अर्धा तास वाचेल." तो म्हणाला, "उलटं वर जाऊन परत खाली यायचं?" मी म्हटलं, "अण्णा, भूगोल मला शिकवू नकोस." माझं हे असं असतं. बाप मरायला टेकलाय आणि मला माझं बरोबर ठरवायचं होतं.

आठ वाजता अप्पांनी डोळे उघडले. दोन दिवस त्यांनी कुणाला ओळखलं नव्हतं. ते छताकडे बघत राहिले, आणि तोंडात दूध घालणाऱ्या अम्माला अगदी स्वच्छ म्हणाले, "आला. पान वाढ." वर कुठेतरी विमानाची घरघर होती. ती ओसरली तेव्हा अप्पा नव्हते. आमच्याकडे तिथीसाठी वेळ बघून ठेवतात, म्हणून अम्माने घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून एक मिनिट.

मी अण्णाला फोन लावला, तो बंद होता. आकाशात असणार, असं मी धरून चालले.

पुढचं सगळं बिनसलं. अकराच्या सुमारास त्याचा चेन्नईहून फोन आला. त्रिचीचं विमान चुकलं होतं, गाडी केली होती, पाचपर्यंत पोचतो म्हणाला. अप्पा गेल्याचं मी त्याला तेव्हा सांगितलं. साडेपाचपर्यंत सगळे थांबले. मग वडीलधाऱ्यांनी सूर्य बघितला आणि चुलतभावाच्या हातात मडकं दिलं. अण्णा आला तेव्हा माणसं स्मशानातून परतून आंघोळी करत होती. अम्मा दारात बसली होती. ती त्याला म्हणाली, "विमानांतून आलास ना? चालत आला असतास तर पोचला असतास."

घरात मी पाप्पा, तमिळमध्ये लहान पोरीला म्हणतात ते. तो "पाप्पानं सांगितलं म्हणून" एवढं म्हणाला असता तरी पुरे होतं. तो बोलला नाही. मीही बोलले नाही. तेरा दिवस त्याने सगळं केलं, डोकं भादरून घेतलं, आणि चौदाव्या दिवशी गेला तो गेलाच. मला फोन करायचा. अम्माचं नाव निघालं की "ठेवतो" म्हणायचा.

अडीच महिन्यांनी त्याचा पहिला निरोप आला, 'दुपारच्या विमानाने तूत्तुकुडी.' मी जेवताना अम्माला सहज सांगितलं. ती उठली, केळीचं पान घेतलं, त्यावर भात, सांबार, भाजी आणि बाजूला दहीभाताचा गोळा वाढला, सोंबूत, म्हणजे इथल्या तांब्यात, पाणी घेतलं आणि जिना चढायला लागली. मी म्हटलं, "अम्मा, तू तर त्याच्यावर रागावली आहेस." ती म्हणाली, "राग राहूं दे की. तो माझा लेक म्हणून नाहीं वाढत. वाटेनें चाललाय, म्हणून वाढतें. किती वेळ असेल तो शिवेच्या आंत?" तेव्हा मी तिला चार मिनिटं काढून दिली.

रोज आमच्या गच्चीच्या कठड्यावर कावळे असतात. जेवणाआधी त्यांना भात ठेवायची इथे सगळ्यांचीच रीत आहे, त्यांना आमची वेळ पाठ आहे. त्या दुपारी एकही नव्हता. विमान आलं, बारीक पांढरं, आवाज त्याच्या मागे. अम्माने वर बघितलंही नाही, ती पानाकडे बघत होती. आवाज ओरत्तनाडूकडे गेला, मी घड्याळ बघून "झालं" म्हटलं आणि पान उचलायला वाकले. पानाभोवती पाण्याची रेघ होती. ओली, नीट गोल, कुठेही न तुटलेली.

आमच्याकडे पुरुष जेवायला बसले की हातात पाणी घेऊन पानाभोवती फिरवतात. अप्पांची रेघ नेहमी पुरी मिटायची, कंपासने काढल्यागत. अण्णाची कधी मिटली नाही. लहानपणापासून तो घाईत, रेघ पानाच्या टोकाशी उघडी राहायची आणि अप्पा त्याला त्यावरून रोज बोलायचे. बायका हे करत नाहीत. मी अम्माला विचारलं, "तू पाणी फिरवलंस?" ती म्हणाली, "मी कशाला फिरवूं? सोंबूतलें सांडलें असेल." उन्हाने ती रेघ माझ्यासमोर वाळली. मी स्वतःची समजूत घातली की सोंबू बुडाशी गळका आहे.

पुढच्या महिन्यात मी अम्माला काही सांगितलं नाही. मुद्दामच. शाळेतून जेवायला घरी आले तर ती जिन्यावर, हातात पान. "तुला कुणी सांगितलं?" तर म्हणाली, "आज जातोय ना तो?" निरोप माझ्याच मोबाइलमध्ये होता, तिने तो बघितला नव्हता. मी वर गेले नाही. खाली उभी राहून विमानाची घरघर ऐकली आणि मला पहिल्यांदाच त्या आवाजाची भीती वाटली. आमच्याकडे हवाई दलाचा तळ आहे, लढाऊ विमानांच्या गडगडाटात आमची पोरं झोपतात, तो आवाज आम्हाला घरचा आहे. हा वेगळा. हा संथ होता, कुणीतरी वर येरझाऱ्या घालत असावं तसा.

हे असं आठ महिने चाललं. शाळेत मी पोरांना दोन शहरांमधलं अंतर मोजायला शिकवायची आणि तास संपला की तीच पट्टी खणात पालथी टाकायची. एका रात्री नाही, भर वर्गात, फळ्यासमोर मला तो हिशेब सुचला. सव्वासात अधिक पाऊण तास. आठ. अप्पांनी "आला" म्हटलं त्या मिनिटाला अण्णा बरोबर त्यांच्यावर होता. खडू माझ्या हातातून पडला. म्हणजे तो पोचला होता! वरून का होईना, वेळेवर पोचला होता. हे अम्माला कळलं तर तिचा राग उरणार नव्हता, अण्णाला कळलं तर तो घरी येणार होता. पण हे सांगायचं तर विमानाने ये म्हणून त्याला मी सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. मला लाज वाटते हे लिहायला, पण मी तरीही तीन महिने गप्प बसले.

मग अम्मा जिन्यावर घसरली. हाड मोडलं नाही, गुडघा सुजला. तिला धरून खाली आणलं तेव्हा ती म्हणाली, "पुढल्या खेपेस तूंच पान ठेव, पाप्पा. पुढेंही तुलाच ठेवायचें आहे." छप्पन्न वर्षांची मी, अजून पाप्पाच.

एवढ्याने माझा बांध फुटला. मी तिच्या गुडघ्याला तेल लावत होते. तेल लावता लावता सगळं सांगितलं. पहाटेचा फोन, अर्धा तास, "भूगोल मला शिकवू नकोस," आणि आठ वाजताचा हिशेब. माझं सांगून संपलं तेव्हा म्हणाली, "तेल पुरे." मग पाय खाली सोडत, "अण्णास फोन लाव."

अकरा महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती. "तूं त्या दिवशीं अप्पांच्या माथ्यावर होतास म्हणे. आठ वाजतां. पाप्पानें हिशेब केला. मला ठाऊक नव्हतें. घरास ये." पलीकडून त्याचं ऐकू आलं, "होय अम्मा. होतों." मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

पुढच्या बुधवारी तो आला. तूत्तुकुडीचं काम आटपून, गाडीने, रस्त्याने. पाच तास लागले. साडेअकराला दारात उभा राहिला, तेव्हा मला तो आकडा नको असताना आठवला. अम्माने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलाशी मोडली. "केस पांढरे झाले की रे सगळे," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघं मागच्या अंगणात गेलो. तो पाय धूत होता, मी तांब्या धरून उभी.

"पाप्पा," तो खाली बघत म्हणाला, "मी वर नव्हतो."

मला कळेना.

"विमानात बसवलं, दार लावलं, फोन बंद करायला लावले, आणि दोन तास तसंच ठेवलं. काहीतरी बिघाड. सव्वानऊनंतर उडालं, म्हणून तर त्रिचीचं चुकलं. आठ वाजता मी तूत्तुकुडीच्या जमिनीवर होतो. पंखासुद्धा फिरत नव्हता."

"मग होय का म्हणालास?"

"ती 'घरास ये' म्हणाली," अण्णा म्हणाला. "नाही म्हटलं असतं तर परत म्हणाली असती का?"

खोटं बोलल्याचं काही नाही, ते मी त्याच्या जागी दहादा बोलले असते. पण तो आवाज मी ऐकला होता. अम्माने ऐकला होता. अप्पांनी छताकडे बघितलं होतं. वर ते काय होतं? दुसरं कुठलं तरी विमान असेल, मी म्हटलं. आकाश काय आपल्या एकट्याचं आहे? तो "असेल" म्हणाला आणि पंच्याने पाय पुसले.

आम्ही जेवायला बसलो. अम्माने त्याला वाढलं. त्याने हातात पाणी घेतलं, पानाभोवती फिरवलं, घाईघाईने, आणि रेघ टोकाशी उघडी राहिली. अम्मा ती बघून हसली. अप्पांचं बोलणं त्या जागी कुणीच बोललं नाही. सांबारभात झाला, रसमभात झाला. दोघं एकमेकांशी बाजारभावाचं आणि भाजीचं बोलत होती, म्हणजे बंदरात मासे कितीला, चेन्नईत केळफूल मिळतं का. मला वाटलं, संपलं एकदाचं. माझ्या जिवात जीव आला.

पाऊण वाजता वर घरघर सुरू झाली.

अण्णाचा घास हातात राहिला. "आज बुधवार," तो हळूच मला म्हणाला. "बुधवारी दुपारचं विमान नसतं." मी त्याच्याकडे बघितलं नाही. अम्मा उठली. सुजका गुडघा धरत उठली, केळीचं पान घेतलं आणि भात वाढायला लागली.

"अम्मा," अण्णा म्हणाला, "मी इथं आहे. हा काय, जेवतोय."

"ठाऊक आहे की. तूं जेव," ती म्हणाली, सोंबू भरून घेतला आणि जिन्याकडे वळली. मी तिच्या मागे धावले, सोंबू तिच्या हातातून घेतला. आम्ही एकेक पायरी चढलो. वर ऊन नुसतं भाजत होतं. कठड्यावर कावळा नव्हता. आकाश कोरडं निळं, त्यात काहीही नव्हतं, आणि आवाज बरोबर डोक्यावर. अम्माने पान खाली ठेवलं. सोंबू माझ्या हातात होता, मी तो दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला.

"अण्णा खाली आहे," मी म्हटलं. "हे पान कुणाचं, अम्मा?"

"वाटेनें जाणाऱ्याचें," ती म्हणाली. मग पानावरची नजर न काढता म्हणाली, "अण्णा त्या दिवशीं वर नव्हता. मला कळलें. त्याचा खोटा होय मी त्याच्या बोबड्या वयापासून ओळखतें."

मी जिन्याकडे बघितलं.

"आणि तूं त्यास विमानानें ये म्हटलेंस, तेंही ठाऊक होतें. तुला कॉफी घेऊन आलें होतें पहाटे. दाराशीं उभी होतें. अर्धा तास वाचवत होतीस तूं."

"मग त्याला का बोललीस? अम्मा, अकरा महिने! मला का नाही बोललीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. "तूं मजजवळ राहणार होतीस, पाप्पा. तुझ्यावर राग धरून मी कोठें गेलें असतें?"

आवाज दक्षिणेकडे सरकत गेला. मला त्या क्षणी भीती नव्हती, नुसतं रडू होतं, सगळं एकदम. अण्णा माझ्या वाट्याचं बोलणं घेऊन वर्षभर बाहेर राहिला होता आणि त्यामुळेच अम्माची आणि माझी चूल एक राहिली होती. मी डोळे पुसले, सवयीने घड्याळ बघितलं. चार मिनिटं होऊन गेली होती. आवाज पार ओसरला होता. आता पान गाईला न्यायचं.

मी वाकले. पानाभोवती पाण्याची ओली रेघ होती, पुरी मिटलेली. सोंबू अजून माझ्या छातीशी होता, काठोकाठ भरलेला.

"थांब," अम्मा म्हणाली. "त्यांचें अजून व्हायचें आहे."

मी थांबले. खालून अण्णा ताक कुठे ठेवलंय म्हणून विचारत होता.